नोंदवहीबाहेरचा पराक्रम : प्रस्तावना

अमेरिकेतील विद्यापीठांचे मैदानी खेळ हा विषय मराठी वाचकाला सर्वस्वी परका आहे असे म्हणता येणार नाही. 1960 साली रोम येथे चारशे मीटरच्या ज्या अंतिम शर्यतीत मिल्खासिंग यांचे पदक थोडक्यात हुकले आणि जिची हळहळ आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जपली गेली, ती शर्यत जिंकणारे ओटिस डेव्हिस हे ऑरेगन विद्यापीठात घडलेले धावपटू होते. 2022 साली ज्या मैदानावर नीरज चोप्रा यांनी 88.13 मीटरची भालाफेक करून जागतिक स्पर्धेचे रौप्यपदक मिळवले, आणि जेथे बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावले, ते यूजीन येथील हेवर्ड फील्डही त्याच विद्यापीठाचे. थाळीफेकीत विकास गौडा यांनी 2006 साली आणि उंच उडीत तेजस्विन शंकर यांनी 2018 व 2022 साली जी अमेरिकन आंतरविद्यापीठीय अजिंक्यपदे पटकावली, ती अनुक्रमे नॉर्थ कॅरोलिना आणि कॅन्सस स्टेट या विद्यापीठांच्या खाती जमा आहेत. अशा रीतीने नावे आपल्या कानांवरून गेलेली असतात. परंतु ज्या व्यवस्थेतून ही नावे पुढे आली, तिची जडणघडण, तिच्यातील भिन्न भिन्न परंपरा आणि तिचे गुणदोष यांचा सलग विचार आपल्या वाचनात क्वचितच येतो.

प्रस्तुत ग्रंथाचा विषय त्या विस्तीर्ण व्यवस्थेतील एकच संघ आहे. टेनेसी राज्याच्या राजधानीत, म्हणजे नॅशव्हिल येथे, 1912 साली कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी एक सरकारी शिक्षणसंस्था उघडण्यात आली. कृषी व औद्योगिक शिक्षण देणारी ही संस्था कालांतराने विद्यापीठाच्या पदवीला पोहोचली आणि आज ती टेनेसी स्टेट विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. या संस्थेतील धावपटू मुलींचा संघ टायगरबेल्स या नावाने जगभर गाजला. या संघातून चाळीस ऑलिंपिक खेळाडू निर्माण झाल्या, त्यांनी 23 ऑलिंपिक पदके आणली, त्यांतील 13 सुवर्णपदके होती, आणि राष्ट्रीय सांघिक विजेतेपदांची संख्या 34 भरते. इतके वैभव ज्या संस्थेच्या पदरी आहे, तिचे नाव अमेरिकन विद्यापीठांच्या सर्वोच्च क्रीडासंस्थेने ठेवलेल्या अजिंक्यपदांच्या यादीत त्या सुवर्णकाळातील एकाही वर्षापुढे आढळत नाही. कारण मुलींसाठी ती यादी तोवर उघडलीच गेली नव्हती. एखाद्या महाविद्यालयाच्या यशाचे मोल ठरवू पाहणाऱ्याने त्या यशाची नोंद कोणी ठेवली, कोणासाठी ठेवली आणि केव्हापासून ठेवली, हे आधी विचारले पाहिजे, आणि नोंद जेथे मुकी आहे तेथे संस्थेच्या नित्याच्या वहिवाटीत यशाचा शोध घेतला पाहिजे, असे या ग्रंथाचे प्रतिपादन आहे.

विषयात नव्याने प्रवेश करणाऱ्या वाचकासाठी या व्यवस्थेची रचना थोडक्यात सांगणे अगत्याचे आहे. अमेरिकेत मैदानी खेळाडू प्रामुख्याने विद्यापीठांच्या आश्रयाने वाढतो. शरद ऋतूत माळरानावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती, हिवाळ्यात बंदिस्त दालनातील स्पर्धा आणि वसंतात उघड्या मैदानावरील मुख्य हंगाम, अशी वर्षाची विभागणी असते. राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक प्रकारातील पहिल्या आठ जणांना गुण मिळतात. सध्याच्या पद्धतीत पहिल्याला दहा, दुसऱ्याला आठ, तिसऱ्याला सहा आणि तेथून पुढे एकेका गुणाने उतरत आठव्याला एक. या गुणांची बेरीज ज्या विद्यापीठाची सर्वाधिक, ते त्या वर्षीचे सांघिक विजेते. एका अद्वितीय खेळाडूने दोन शर्यती जिंकल्या तरी वीसच गुण पदरात पडतात. उलट गोळाफेकीतील चौथा, अडथळ्यांच्या शर्यतीतील सहावा आणि बांबूउडीतील आठवा हेही तिजोरीत आपापली भर घालतात. त्यामुळे सांघिक विजेतेपद मिळवावयाचे तर धावणारे, उड्या मारणारे आणि फेकणारे असे तिन्ही प्रकारचे खेळाडू वर्षानुवर्षे सांभाळावे लागतात, आणि चार वर्षांची मुदत संपवून जे बाहेर पडतील त्यांच्या जागी नवे सतत तयार ठेवावे लागतात. विद्यार्थी बदलत राहतात. टिकून राहतात ते प्रशिक्षक, धावपट्टी आणि रिवाज. या तिहींचा इतिहास हाच अशा संघाचा इतिहास होय.

या व्यवस्थेचे मूळ इंग्लंडात आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन विद्यापीठांमधील मैदानी सामना 1864 साली प्रथम भरला, आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील जुन्या विद्यापीठांनी तो नमुना उचलून 1876 साली साराटोगा येथे आपली पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा भरवली. 1895 साली फिलाडेल्फियात पेन रिलेज या नावाने टप्प्याटप्प्यांच्या शर्यतींचा वार्षिक मेळा सुरू झाला. एकट्याच्या वेगापेक्षा चौघांच्या मेळाला मान देणारा हा उत्सव आजही भरतो. 1906 साली विद्यापीठांनी एकत्र येऊन जी नियामक संस्था स्थापन केली, तीच पुढे नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन या नावाने सर्वाधिकारी झाली. 1921 साली तिने शिकागो विद्यापीठाच्या मैदानावर आपली पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली, आणि कोणत्याही खेळातील तिचे हे पहिले अजिंक्यपद मैदानी खेळांचे असावे, ही गोष्ट या खेळांना तेव्हा केवढी प्रतिष्ठा होती याची साक्ष देते. त्या वर्षी इलिनॉय विद्यापीठ विजयी झाले, आणि पुरुषांच्या नोंदवहीचे पहिले पान लिहिले गेले.

त्या नोंदवहीत पुढे ज्या परंपरा ठळक झाल्या, त्यांचा स्वभाव एकमेकींहून फार वेगळा आहे. पहिली परंपरा सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाची, आणि तिला सर्वसंग्राहक म्हणता येईल. डीन क्रॉमवेल यांनी 1909 पासून 1948 पर्यंतच्या कारकिर्दीत बारा राष्ट्रीय सांघिक विजेतेपदे मिळवली, त्यांपैकी नऊ 1935 ते 1943 या काळात ओळीने. अनुकूल हवामान, भोवतालच्या शाळांतून येणारा खेळाडूंचा अखंड ओघ आणि प्रत्येक प्रकारात दोन-दोन, तीन-तीन उमेदवार उभे करण्याची ताकद, यांवर ही सत्ता उभी होती. याच काळात ओहायो स्टेट विद्यापीठाचे जेसी ओवेन्स यांनी 25 मे 1935 रोजी ॲन आर्बर येथे पाऊण तासाच्या अवधीत तीन विश्वविक्रम मोडले आणि एकाची बरोबरी केली, आणि त्या व पुढील वर्षी राष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येकी चार अशी आठ वैयक्तिक अजिंक्यपदे मिळवली. मैदानावर विद्यापीठाचा ध्वज उंचावणाऱ्या या विद्यार्थ्याला त्या विद्यापीठाच्या आवारात राहण्याची मुभा नव्हती, शिष्यवृत्ती नव्हती, आणि मिळेल ते काम करून त्याला शिक्षणाचा खर्च भागवावा लागे. यशाची नोंद ठेवणारे दप्तर या तपशिलाविषयी गप्प असते, आणि म्हणूनच तो येथे सांगणे भाग आहे.

दुसरी परंपरा चिंतनशील प्रशिक्षकांची आहे. ऑरेगन विद्यापीठात बिल हेवर्ड यांनी 1904 पासून चार दशकांहून अधिक काळ जो पाया घातला, त्यावर बिल बॉवरमन यांनी 1948 ते 1972 या काळात चार राष्ट्रीय विजेतेपदांची इमारत उभारली. कठोर सरावाच्या दिवसामागून हलक्या सरावाचा दिवस असावा, शरीराला सावरण्यास अवसर मिळावा, हे तत्त्व त्यांनी आग्रहाने रुजवले. 1962 साली न्यूझीलंडमध्ये प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्याबरोबर सामान्य नागरिक संथ धावताना पाहून ती सवय त्यांनी अमेरिकेत आणली. आणि घरातील वॉफलच्या साच्यात रबरी द्रव्य ओतून बुटांचे हलके तळवे घडवण्याचा प्रयोगही त्यांचाच. त्यांचे शिष्य स्टीव्ह प्रीफॉन्टेन यांनी 1970 ते 1973 या चारही वर्षी लांब पल्ल्याच्या एकाच प्रकारात राष्ट्रीय अजिंक्यपद राखले. कॅलिफोर्नियातील सॅन होजे स्टेट येथे बड विंटर यांनी वेगळाच मार्ग धरला. महायुद्धकाळात नौदलाच्या उमेदवार वैमानिकांना शरीर सैल सोडण्याची जी विद्या त्यांनी शिकवली होती, तीच त्यांनी लहान पल्ल्याच्या धावपटूंना दिली. जबडा व हात सैल ठेवून धावणारे टॉमी स्मिथ, जॉन कार्लोस आणि ली इव्हान्स या त्रयीने ते महाविद्यालय जगात वेगाचे नगर म्हणून प्रसिद्ध केले, आणि 1969 साली त्याला राष्ट्रीय विजेतेपद लाभले.

तिसरी परंपरा परदेशी विद्यार्थ्यांना आश्रय देणाऱ्या विद्यापीठांची. फिलाडेल्फियाजवळील व्हिलानोव्हा या कॅथलिक विद्यापीठात जंबो एलियट यांच्या हाताखाली तयार झालेले आयरिश धावपटू रॉन डिलेनी यांनी 1956 साली मेलबर्न येथे पंधराशे मीटरचे सुवर्णपदक जिंकले. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकणारे केनियाचे हेन्री रोनो यांनी 1978 साली 81 दिवसांत चार वेगवेगळ्या अंतरांचे विश्वविक्रम मोडले. आणि आयर्लंडमधून आलेले जॉन मॅकडॉनेल यांनी आर्कान्सा विद्यापीठाला तिन्ही हंगामांची मिळून चाळीस राष्ट्रीय विजेतेपदे मिळवून दिली. गौडा आणि तेजस्विन शंकर यांची पावले ज्या वाटेने गेली, ती वाट या परंपरेने घातलेली आहे.

या तिन्ही परंपरांचे वर्णन पुरुषांच्या नोंदवहीवरून करता येते. चौथी परंपरा त्या वहीच्या बाहेर वाढली. अलाबामा राज्यातील टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या संस्थेत क्लीव्हलंड ॲबट यांनी 1927 साली स्वतःच्या रिले स्पर्धा सुरू केल्या आणि थोड्याच काळात मुलींनाही मैदानावर आणले. अमेरिकेतील बहुतेक श्वेतवर्णीय महाविद्यालये त्या काळी मुलींनी चुरशीने धावणे अनुचित समजत असत. ऑलिंपिकमध्येही 1928 साली ॲम्स्टरडॅम येथे स्त्रियांची आठशे मीटरची शर्यत झाल्यावर ती तब्बल बत्तीस वर्षे वगळली गेली. अशा वातावरणात टस्कीगीच्या मुलींनी राष्ट्रीय हौशी स्पर्धांवर वर्षानुवर्षे वर्चस्व गाजवले, आणि त्या परंपरेतून आलेल्या ॲलिस कोचमन यांनी 1948 साली लंडन येथे उंच उडीचे सुवर्णपदक मिळवले. ॲबट यांच्या कन्या जेसी ॲबट 1943 साली नॅशव्हिल येथे आल्या आणि टेनेसीच्या संस्थेत मुलींच्या संघाची मुहूर्तमेढ त्यांनी रोवली. लंडन येथेच त्या संस्थेच्या ऑड्री पॅटरसन यांनी दोनशे मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा ऑलिंपिक पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय अमेरिकन स्त्री ठरल्या. घराण्याची गायकी जशी गुरूच्या गावाहून शिष्येबरोबर दुसऱ्या गावी जाते आणि तेथे नवे वळण घेते, तशी ही विद्या टस्कीगीहून नॅशव्हिलला आली.

तिला ज्यांनी वळण दिले, ते एडवर्ड टेम्पल 1927 साली पेनसिल्व्हेनियातील हॅरिसबर्ग येथे जन्मले. विद्यार्थी म्हणून ते नॅशव्हिलला आले, आणि पदव्युत्तर अभ्यास करीत असताना मुलींच्या संघाचे काम त्यांच्याकडे सोपवण्यात आले ते आवारातील टपालकचेरी सांभाळण्याच्या कामाबरोबरच. समाजशास्त्राचे अध्यापन आणि प्रशिक्षकाचे काम एकत्र करीत त्यांनी चार दशकांहून अधिक काळ, 1994 पर्यंत, हा संघ चालवला; 1960 आणि 1964 या दोन्ही ऑलिंपिकना अमेरिकेच्या महिला संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडेच होते. संस्थेच्या अंदाजपत्रकात मुलींच्या खेळासाठी असलेली तरतूद नगण्य होती. धावपटूंना खेळाची शिष्यवृत्ती म्हणून आयते काही मिळत नसे. कचेरीत किंवा अन्यत्र दररोज ठरलेले तास काम करावे, त्या मोबदल्यात शिक्षण घ्यावे, असा शिरस्ता होता. परगावच्या स्पर्धांना टेम्पल मुलींना मोटारीत घालून स्वतः नेत. दक्षिणेतील वर्णभेदाच्या कायद्यांमुळे वाटेतील उपाहारगृहे आणि प्रसाधनगृहे त्यांना बंद असत. म्हणून निघण्यापूर्वी घरून जेवण बांधून घ्यावे, रस्त्याच्या कडेला गाडी थांबवावी, आणि शेकडो मैलांचा प्रवास संपवून दुसऱ्या दिवशी धावपट्टीवर उभे राहावे, हा त्यांचा नित्यक्रम होता. मुलींच्या वागण्याबोलण्याविषयी त्यांचे नियम कडक होते, आणि पदवी घेतल्याखेरीज शिक्षण अर्धवट सोडणे त्यांना मान्य नव्हते. चाळीस ऑलिंपिक खेळाडूंपैकी 39 जणींनी पदवी पूर्ण केली. पदकांच्या यादीइतकाच हा आकडाही या संघाच्या पराक्रमात गणला पाहिजे, असे आमचे मत आहे.

टेम्पल यांची दुसरी योजना उन्हाळी वर्गाची. शाळेत शिकणाऱ्या होतकरू मुलींना ते सुट्टीत नॅशव्हिलला बोलावून महाविद्यालयीन धावपटूंबरोबर सराव देत, आणि अशा मुली शोधण्याचे त्यांचे साधन अगदी साधे होते. शालेय बास्केटबॉल सामन्यांत ते पंच म्हणून उभे राहत, आणि तेथेच क्लार्क्सव्हिलची एक उंच, चपळ मुलगी त्यांच्या दृष्टीस पडली. विल्मा रुडॉल्फ यांचे बालपण पोलिओने ग्रासले होते. पायाला धातूचा आधार बांधलेल्या या मुलीला तिची आई उपचारांसाठी बसने नॅशव्हिलच्या मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालयात नेत असे, कारण कृष्णवर्णीयांसाठी जवळची सोय तीच होती. 1956 साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांनी मेलबर्न येथे शंभर मीटरच्या चौकडी रिलेत कांस्यपदक मिळवले, आणि त्या वेळी त्यांच्याबरोबर धावलेल्या मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज व इझाबेल डॅनियल्स या तिघीही टेम्पल यांच्याच शिष्या होत्या. यांपैकी मे फॅग्ज 1948 पासूनच्या तीन ऑलिंपिकांच्या अनुभवी. धाकट्या मुलींना हाताशी धरून शिकवण्याचे काम प्रशिक्षकाइतकेच त्यांनी केले. ज्येष्ठ विद्यार्थिनीने कनिष्ठेला घडवावे, हा या संघाचा अलिखित नियम तेथून दृढ झाला.

रोम येथे 1960 साली रुडॉल्फ यांनी शंभर आणि दोनशे मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या, हे सर्वश्रुत आहे. परंतु महाविद्यालयाच्या यशाचा विचार करणाऱ्याने तिसऱ्या सुवर्णपदकाकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. मार्था हडसन, बार्बरा जोन्स, लुसिंडा विल्यम्स आणि रुडॉल्फ या चारही जणी टायगरबेल्स होत्या. प्राथमिक फेरीत त्यांनी 44.4 सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम शर्यतीत विल्यम्स यांच्याकडून रुडॉल्फ यांच्याकडे बॅटन जाताना मेळ चुकला. ती हातातून निसटता निसटता राहिली, रुडॉल्फ यांचा वेग जवळजवळ थांबला, आणि जर्मनीची धावपटू पुढे निघून गेली. तेथून त्यांनी ते अंतर भरून काढले आणि संघ 44.5 सेकंदांत पहिला आला. त्या काळच्या नियमाप्रमाणे वीस मीटरच्या पट्ट्यात पूर्ण वेगाने पळणाऱ्या दोघींनी एक दांडी हातांतून हातांत द्यावयाची, घेणारीने मागे वळून पाहावयाचे नाही, आणि देणारीची पावले तिला नुसत्या अंदाजाने उमगली पाहिजेत. हा अंदाज राष्ट्रीय संघाच्या काही आठवड्यांच्या शिबिरात पुरता तयार होत नाही. एकाच धावपट्टीवर, एकाच गुरूच्या नजरेखाली, ऋतूमागून ऋतू केलेल्या सरावातून तो अंगी मुरतो. चूक होऊनही ती सावरली गेली, यात रुडॉल्फ यांचा अलौकिक वेग आहे तसाच त्या सरावाचाही वाटा आहे. ते पदक अमेरिकेच्या खाती जमा झाले. मिळवले ते नॅशव्हिलच्या एका गरीब महाविद्यालयाने.

रोमनंतर ही परंपरा संपली नाही, आणि येथेच टेनेसीची खरी थोरवी दिसते. जॉर्जियातील ग्रिफिन गावच्या वायोमिया टायस आणि अटलांटाच्या एडिथ मॅग्वायर या दोघी उन्हाळी वर्गातूनच पुढे आल्या. 1964 साली टोकियो येथे शंभर मीटरमध्ये टायस पहिल्या व मॅग्वायर दुसऱ्या आल्या, आणि दोनशे मीटरचे सुवर्णपदक मॅग्वायर यांनी जिंकले. 1968 साली मेक्सिको येथे टायस यांनी शंभर मीटरचे सुवर्णपदक पुन्हा मिळवले. ऑलिंपिकमध्ये लागोपाठ दोनदा ही शर्यत कोणीही, पुरुषाने वा स्त्रीने, त्यापूर्वी जिंकलेली नव्हती. पुरुषांत तो मान कार्ल लुईस यांना वीस वर्षांनी मिळाला. त्याच मेक्सिकोत संघाच्या मॅडलीन मॅनिंग यांनी आठशे मीटरचे सुवर्णपदक आणले, आणि त्या शर्यतीत दुसऱ्या अमेरिकन स्त्रीला सुवर्णपदक मिळण्यास 2021 साल उजाडावे लागले. लांब उडीत ओवेन्स यांचा पंचवीस वर्षे अबाधित राहिलेला विक्रम 1960 साली मोडणारे राल्फ बॉस्टन हेही याच महाविद्यालयाचे, हे येथे जाता जाता नमूद करतो.

आता नोंदवहीच्या प्रश्नाकडे वळू. टायगरबेल्सनी 1955 पासून जी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, ती हौशी खेळांच्या संघटनेने भरवलेल्या खुल्या स्पर्धांतील होती, कारण महाविद्यालयीन मुलींसाठी वेगळी राष्ट्रीय मैदानी स्पर्धा 1969 पर्यंत नव्हतीच. 1971 साली महाविद्यालयीन स्त्रियांच्या खेळांसाठी स्वतंत्र संघटना निघाली. 1972 साली शिक्षणात लिंगभेदाला मज्जाव करणारे कायद्याचे नववे कलम मंजूर झाले. आणि त्यानंतर दहा वर्षांनी, 1982 साली, विद्यापीठांच्या सर्वोच्च संस्थेने स्त्रियांची पहिली मैदानी राष्ट्रीय स्पर्धा भरवली. 1921 ते 1982 या एकसष्ट वर्षांच्या अंतरात टेनेसीचा बहुतेक सारा वैभवकाळ सामावलेला आहे. कायद्यानंतर पैसा, शिष्यवृत्त्या आणि सोयी यांचा ओघ मोठ्या श्रीमंत विद्यापीठांकडे वळला. लुइझियाना स्टेटच्या मुलींनी 1987 पासून 1997 पर्यंत सलग अकरा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि ज्या कृष्णवर्णीय महाविद्यालयांनी कोणी विचारीत नसताना मुलींना धावण्याचा अधिकार दिला, त्यांच्या दारी येणाऱ्या गुणी मुली आता दुसरीकडे जाऊ लागल्या. न्याय आला आणि त्याचा लाभ न्यायासाठी वाट मोकळी करणाऱ्यांना मात्र कमी मिळाला, ही या इतिहासातील क्लेशकारक गोष्ट आहे.

संस्थेचे गुणगान करताना तिच्या मर्यादाही झाकता कामा नयेत. 1960 साली नॅशव्हिलच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी उपाहारगृहांतील भेदाविरुद्ध शांततेचा सत्याग्रह केला, त्यात या महाविद्यालयाचे विद्यार्थी आघाडीवर होते; पण पुढच्याच वर्षी, बसप्रवासातील वर्णभेदाविरुद्धच्या स्वातंत्र्ययात्रेत सामील झाल्याबद्दल चौदा विद्यार्थ्यांना संस्थेने काढून टाकले, कारण ती राज्य सरकारच्या अनुदानावर आणि हुकमतीखाली चालत होती. अशा कोंडीत खेळाडूंनी आपापल्या परीने भूमिका घेतली. रुडॉल्फ यांनी क्लार्क्सव्हिलमधील आपल्या सत्काराची मिरवणूक व मेजवानी दोन्ही वर्णांच्या नागरिकांना खुली असावी असा आग्रह धरला, आणि त्या गावात असा समारंभ प्रथमच घडला. मेक्सिकोत स्मिथ आणि कार्लोस यांनी मूठ उंचावून निषेध केल्याबद्दल त्यांना स्पर्धाग्रामाबाहेर घालवले गेले, तेव्हा टायस यांनी आपले रिलेचे सुवर्णपदक त्या दोघांना अर्पण केल्याचे जाहीर केले. सॅन होजे आणि नॅशव्हिल या दोन परंपरा तेथे एकत्र आल्या.

हा इतिहास आजच सांगण्याची निकड का वाटली, तेही स्पष्ट केले पाहिजे. अमेरिकन विद्यापीठांच्या खेळांत 2021 पासून विद्यार्थ्यांना आपल्या नावावर पैसा मिळवण्याची मुभा मिळाली, आणि 2025 साली न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना आपल्या उत्पन्नातील वाटा खेळाडूंना थेट देण्याची परवानगी दिली. खेळाडूंच्या श्रमाला मोल मिळावे हे न्याय्यच आहे. पण ते उत्पन्न मुख्यतः फुटबॉल व बास्केटबॉल यांचे असते, आणि मैदानी खेळ तिकिटांवर फारसे मिळवत नाहीत. ज्या खेळाला उत्पन्न नाही, त्याचा विभाग बंद करणे हिशेबनिसाला सर्वांत सोपे वाटते. सॅन होजे स्टेटने आपला जगप्रसिद्ध संघ 1988 साली बंद केला होता, आणि तो पुन्हा उभा राहण्यास जवळजवळ तीन दशके गेली. अशा वेळी, एखादा संघ कशाच्या बळावर उभा राहतो आणि मोडल्यावर नेमके काय मोडते, याचे ज्ञान कारभाऱ्यांना आणि नागरिकांना दोघांनाही हवे. टेनेसीचे उदाहरण या बाबतीत सर्वाधिक बोधप्रद आहे, कारण तेथे पैसा जवळजवळ नव्हता आणि बाकी सर्व होते.

प्रस्तुत ग्रंथात आम्ही विजयांची जंत्री देण्यापेक्षा त्या विजयांमागील व्यवस्था उलगडण्याचा यत्न केला आहे. भरती कशी होत असे, सराव कसा चाले, मुली कोणते काम करून शिकत, ज्येष्ठांकडून कनिष्ठांकडे काय जाई, आणि राज्याच्या राजकारणाचा या सगळ्यावर कसा दाब पडे, हे प्रश्न आम्ही पुनःपुन्हा विचारले आहेत. आकडे जेथे दिले तेथे ते कोणत्या संघटनेच्या दप्तरातील आहेत, याची जाणीव ठेवली आहे. इतर विद्यापीठांशी केलेली तुलना ही स्पर्धा लावण्यासाठी नाही; सदर्न कॅलिफोर्नियाची समृद्धी, ऑरेगनची प्रयोगशीलता आणि आर्कान्साचे सातत्य समोर ठेवल्याखेरीज टेनेसीच्या यशाची जात ओळखता येत नाही, म्हणून ती केली आहे. टेम्पल यांच्या शिस्तीचा कठोरपणा, पुरुष प्रशिक्षकाच्या अधिकाराखाली वाढलेल्या मुलींचे स्वतःचे मत, आणि प्रसिद्धीच्या झोतात न आलेल्या विद्यार्थिनींचे जीवन यांनाही आम्ही जागा दिली आहे. कारण चाळीस नावांभोवती आणखी कितीतरी मुली धावल्या, आणि त्यांच्यावाचून त्या चाळीस जणी घडल्या नसत्या.

मराठी वाचकापुढे हा विषय मांडताना आमच्या मनात एक आशा आहे. आपल्या विद्यापीठांच्या आणि महाविद्यालयांच्या जिमखान्यांतही विजेत्यांची नावे रंगवलेले फलक लागलेले असतात. त्या फलकांवर कोणाची नावे केव्हापासून येऊ लागली, मुलींची नावे किती उशिरा आली, ती नावे घडवणारे क्रीडाशिक्षक कोणत्या पगारावर आणि कोणत्या मैदानावर काम करीत होते, याचा शोध घेणारे अभ्यासक आपल्याकडे निर्माण व्हावेत. टेनेसीच्या उदाहरणाने एवढे निश्चित दाखवले आहे की उत्तम खेळाडू घडवण्यासाठी पहिली गरज असते ती दार उघडे ठेवणाऱ्या संस्थेची, दीर्घ काळ एका ठिकाणी पाय रोवून राहणाऱ्या शिक्षकाची, आणि आपल्याला मिळालेले पुढच्याला देण्याची ज्यांना सवय लागली आहे अशा विद्यार्थ्यांची. या तीन गोष्टी आपल्या आटोक्यातील आहेत. त्यांचा ज्यांना ध्यास आहे, अशा शिक्षकांच्या आणि विद्यार्थ्यांच्या हाती हा ग्रंथ आम्ही आदरपूर्वक देत आहोत.